मदत हवी आहे: उतारावर क्रूझ कंट्रोल आणि एक्झॉस्ट ब्रेक एकत्र चालवावेत का?

डिझेल मोटरहोम, ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. एक्झॉस्ट ब्रेकचं बटण चालू ठेवून क्रूझ (ठरवलेला वेग आपोआप राखणारी सोय) लावला तर सपाट रस्त्यावर काहीच तक्रार नाही. उतारावर मात्र गाडी ठरवलेल्या वेगाच्या जरा पुढे गेली की ब्रेक लागतो, गिअर खाली उतरतो, आरपीएमचा काटा उडी मारतो आणि मागे कपाटातली भांडी खडखडतात. वेग कमी झाला की ब्रेक सुटतो. पुन्हा तेच!

एक्झॉस्ट ब्रेकमध्ये धुराची वाट अडवून इंजिनच गाडीला रोखतं, आरपीएम (इंजिनच्या मिनिटाला फेऱ्या) जास्त तेवढा जोर जास्त, म्हणजे खालचा गिअर हवाच, ते पटतं. पण ही सततची धरसोड गिअरबॉक्सला चालते का? की लांब उतार लागण्याआधीच क्रूझ काढून हातानं गिअर धरावा? (ओल्या रस्त्यावर मी दोन्ही बंदच ठेवतो, तो मुद्दा नाही.)