गांजा कायदेशीर, मग ओढ्याचं पाणी का तोडता?

डोंगरी: परवाच्या लेखात कोणीतरी लिहिलंय, 'कॅलिफोर्नियातले गांजावाले नद्या पितात'. डोकंच फिरलं. २०१६ ला जनमतानं कायदेशीर केलंत ना? मग १ एप्रिल ते ३१ ऑक्टोबर ओढा-नदीतून पाणी उचलायचं नाही, हे काय? ऐन हंगामात! द्राक्षवाल्यांना आहे का अशी सरसकट बंदी?

खवचट: ऐन हंगामातच ओढा आटतो, म्हणून! कोहो सॅमन माशांची पिल्लं उन्हाळाभर त्याच डबक्यांत तग धरतात. हिवाळ्यात पाऊस पडतो तेव्हा टाक्या भरा की. शिवाय सरकारी जंगलात चोरून लावणाऱ्यांनी उंदरांचं विष पसरून किती फिशर (मुंगसासारखे रानटी प्राणी) मारले, तेही लिहा.

डोंगरी: ते चोर! त्यांची शिक्षा परवानेवाल्याला? मी ज्याच्याकडे ट्रिमिंगला, म्हणजे गांजाची फुलं छाटायला, जायचो, त्यानं रस्त्याखालची गंजकी मोरी बदलायला काढली. एका खात्याचा करार, दुसऱ्याची पाहणी, तिसऱ्याचा शेरा. सल्लागाराची बिलं भरता भरता जमीन विकली बिचाऱ्यानं. चोराला एक कागद लागला नाही.

खवचट: मोरी फुटली की अख्खा रस्ता ओढ्यात. ती माती बसते माशांच्या अंड्यांवर. कागद त्यासाठीच असतात.

मीटरवाली: बसा भांडत ओढ्यावर! बंद गोदामात पिकवणाऱ्यांचं काय? कोलोरॅडोतल्या संशोधकांचा २०२१ चा अभ्यास वाचा: किलोभर सुक्या फुलामागे, जागेनुसार, २,२८३ ते ५,१८४ किलो कार्बन डायऑक्साइडइतकं उत्सर्जन. उन्हात फुकट येणारं झाड दिव्याखाली वाढवायचं म्हणजे कमालच!

खवचट: कॅलिफोर्नियात २०२३ पासून मोठ्या बंदिस्त लागवडींच्या दिव्यांना कार्यक्षमतेची अट आहे.

मीटरवाली: दिव्यांना! एसी आणि हवेतला ओलावा काढणारे डीह्युमिडिफायर कोण मोजणार? आमच्या शेजारच्या गोदामाचे पंखे रात्रभर घरघरतात, वासानं खिडकी उघडता येत नाही. तक्रार केली तर म्हणे फिल्टर बसवलाय. नाक माझं आहे हो.

डोंगरी: बघा! डोंगरातल्या माणसाचा बारीकसा पाईप दिसतो, गोदाम दिसत नाही.

खवचट: तुम्हा दोघांची युती झालेली दिसते, अभिनंदन. मोरीचे अर्ज एकाच खिडकीवर घ्या, एवढं मान्य. तारखा हलणार नाहीत. हवं तर द्राक्षवाल्यांनाही लावा, मी सही करतो.

डोंगरी: त्यांचे वकील पाहिलेत का? आधी त्यांची सही आणा, मग बोलू.

मीटरवाली: आणि माझ्या खिडकीचं?