मदत हवी आहे: तासगाव तालुक्यातली १९२०-३० ची जन्मनोंद कुठे मिळेल?

आजीच्या माहेरची माणसं चिवट. ती आणि तिची दोन भावंडं नव्वदीपार, थोरली बहीण शंभरी ओलांडून गेली म्हणतात. अडतंय ते या 'म्हणतात'पाशीच. डेन्मार्कमधल्या जुळ्यांच्या अभ्यासात आयुर्मानात आनुवंशिकतेचा वाटा जेमतेम पाव निघाला. शंभरीच्या आसपास तो वाढतो असं मानतात. पण वयच पक्कं नसेल तर जनुक चाचणीवर पैसे कशाला घालवायचे?

आधारवर सगळ्यांची जन्मतारीख १ जानेवारी! शाळेत कुणी गेलं नाही, ग्रामपंचायतीत एवढं जुनं काही नाही. १९४९ पर्यंत तासगाव सातारा जिल्ह्यात होतं. मग तेव्हाचं कोतवाल बुक (गाव नमुना १४, म्हणजे गावची जन्म-मृत्यूची नोंदवही) तासगाव तहसीलच्या अभिलेख कक्षात शोधायचं की साताऱ्याला? आणि नोंद मोडी लिपीत असली तर वाचून देणारं सांगलीत कुणी आहे का?