मदत हवी आहे: पेपरवरून माझं नाव कसं काढायचं? (तातडीचं)

मानशीकाठ · सोमवार, रात्री ११:१०
एका रिसर्च पेपरवर माझं नाव आहे, मला ते नकोय. शुक्रवारपर्यंत प्रूफ (छापण्याआधी तपासायला आलेली प्रत) परत जायचंय, म्हणजे हातात चारच दिवस. नाव काढायचा काही फॉर्म असतो का? जर्नलला थेट मेल केलं तर चालतं का? कुणी केलं असेल त्यांनीच सांगा. 'सरांशी बोला' एवढंच सांगणार असाल तर राहू दे. ते माहीत आहे.

फोंडेकर_८८ · सोमवार, रात्री ११:३२
ताई, अजिबात माघार घेऊ नका. माझ्या बाबतीत हेच झालं होतं. दीड वर्ष पाण्याचे नमुने मी आणले, विश्लेषण मी केलं आणि पेपरात माझं नाव गेलं शेवटच्या आभारात, ड्रायव्हरच्या नावाशेजारी. मी गप्प बसलो, त्याची खंत आजही आहे. पहिलं नाव तुमचंच हवं असा आग्रह धरा. कोणत्या तारखेला कुठलं काम केलं त्याची यादी करून गाइडसमोर ठेवा.

मानशीकाठ · सोमवार, रात्री ११:४०
दादा, नाव घालायचं नाहीये. काढायचंय. आहे ते काढायचंय.

लाल_पेन · मंगळवार, सकाळी ६:५५
मी एका छोट्या जर्नलचं संपादन नऊ वर्षं केलंय, म्हणून विचारतो. पेपर स्वीकारला गेलाय हे प्रूफवरून कळलं. पण लेखक किती? पत्रव्यवहार कोणाच्या नावावर? सबमिट करताना 'तुम्ही सहलेखक आहात का' असं विचारणारं मेल तुम्हाला आलं होतं का, आणि तुम्ही काय उत्तर दिलंत? सगळ्यात मुख्य म्हणजे नाव का काढायचंय? कारण कळल्याशिवाय कुठलाही संपादक नाव हलवणार नाही, आणि हलवूही नये.

पर्वरी_नेट · मंगळवार, सकाळी ८:१५
जर्नल यूजीसी-केअरच्या, म्हणजे यूजीसीने मान्य केलेल्या जर्नलांच्या यादीत आहे का ते आधी बघा. नसेल तर एवढा जीव कशाला टांगणीला लावायचा.

साखळीची_आसावरी · मंगळवार, सकाळी ८:४०
@पर्वरी_नेट ती यादी यूजीसीने फेब्रुवारी २०२५ मध्येच बंद केली. आणि पीएचडीचा प्रबंध देण्याआधी पेपर छापलाच पाहिजे ही सक्ती २०२२ च्या नियमांत काढून टाकली. पण तिने हे विचारलेलंच नाही.

पर्वरी_नेट · मंगळवार, सकाळी ८:५२
सक्ती कागदावरून गेली. गाइडच्या डोक्यातून गेली का? आमच्याकडे अजून दोन पेपर मागतात.

मानशीकाठ · मंगळवार, दुपारी १:०५
लंच ब्रेकमध्ये लिहितेय. लेखक चार, मी तिसरी. पत्रव्यवहार सरांच्या नावावर. चौथे लेखक आमचे एचओडी, म्हणजे विभागप्रमुख. ते साइटवर एकदाही आलेले नाहीत, त्यांनी मसुदासुद्धा वाचला नसावा. ते मेल मला आलं होतं. कदंब बसमध्ये उभी होते, मोबाइलवर 'होय' दाबलं आणि विसरले. त्या वेळी टेबल २ मी नीट पाहिलं नव्हतं.

बांबोळी_वॉर्ड · मंगळवार, दुपारी १:४८
म्हणजे भेट म्हणून दिलेलं लेखकपद. आमच्या वैद्यकीय क्षेत्रात याला सरळ गैरवर्तन म्हणतात. आयसीएमजेईच्या, म्हणजे वैद्यकीय जर्नलांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीच्या, लेखकपदाच्या चार अटी पाठ करा. पहिली, कामाच्या आखणीत किंवा माहिती गोळा करण्यात, तिच्या विश्लेषणात भरीव वाटा. दुसरी, लेखनात किंवा मसुदा गंभीरपणे सुधारण्यात सहभाग. तिसरी, अंतिम मसुद्याला मान्यता. चौथी २०१३ मध्ये आली: सगळ्या कामाची जबाबदारी घेणं, कुठल्याही भागावर शंका आली तर तिचा तपास होईल हे बघणं. चारही हव्यात. नुसता निधी आणला किंवा विभाग सांभाळला एवढ्यावर लेखक होता येत नाही.

वास्को_फिजिक्स · मंगळवार, दुपारी २:२०
डॉक्टर, हे तुमच्याकडे ठीक. एचओडींनी सही केली नसती तर गाडी मिळाली असती का, प्रोब मिळाला असता का? लहान विभागांत माणसं एकमेकांना धरून काम करतात. आमच्याकडच्या प्रयोगांच्या पेपरांवर शेकड्यांनी नावं असतात, प्रत्येकाने काय प्रत्येक ओळ लिहिलेली असते?

बांबोळी_वॉर्ड · मंगळवार, दुपारी २:३५
सही केल्याबद्दल आभार मानायचे असतात, त्यासाठी आभारांची जागा आहे. लेखक झालात की उद्या चूक सापडल्यावर उत्तर द्यायची पाळी तुमच्यावर येते. ती यायला नको असेल तर नाव लावून घेऊ नका. मी माझ्या वरिष्ठांनाही हेच सांगितलं होतं आणि दोन वर्षं त्यांचा अबोला सोसला.

लाल_पेन · मंगळवार, दुपारी ३:१०
एचओडींचं नंतर बघू. @मानशीकाठ, टेबल २ मध्ये काय आहे?

मानशीकाठ · मंगळवार, रात्री १०:३०
सांगते. हे लिहायला दिवसभर धीर होत नव्हता.

चोडण बेटावरच्या एका खाजनात (बांध घालून खाडीपासून राखलेल्या सखल शेतजमिनीत) वर्षभर पाण्याची क्षारता मोजायची होती. तीन ठिकाणं: मानशीच्या (बांधातल्या पाण्याच्या दारांच्या) तोंडाशी, पोंयीत (दारांच्या आतल्या तळीत) आणि आत शेतात. दर महिन्याला एकदा, भरतीच्या वेळी. पेपरात लिहिलंय 'सलग बारा महिने दरमहा नमुने घेतले'. जुलैत मी गेलेच नव्हते. त्या आठवड्यात बांध फुटायच्या बेताला आला होता, रायबंदरची फेरीबोटही मध्येच बंद होती. नंतर मला ताप आला. फील्डबुकात माझ्याच अक्षरात पेन्सिलने आहे: 'जुलै, पाऊस, नमुने नाहीत'. त्या पानावर चिखलाचा अंगठाही उमटलाय.

टेबलात जुलै भरलेला आहे. पोंयीचे आकडे असे: जून ३१.२, जुलै १७.३, ऑगस्ट ३.४. जून म्हणजे २ तारीख, पाऊस लागायच्या आधी.

सरांना मागच्या महिन्यात विचारलं होतं. 'बघतो' म्हणाले. मग प्रूफच आलं.

चोडणकार · मंगळवार, रात्री १०:५५
बाये, मी चोडणचाच, आमचं दोन पिढ्यांचं सरदाचं, म्हणजे पावसाळी भाताचं शेत आहे. जुलैत पोंयीत सतरा क्षारता? त्या दिवसांत मानशीची दारं ओहोटीला उघडून आम्ही पावसाचं पाणी नदीत सोडतो, भरतीला दारं आपोआप मिटतात. सगळं शेत गोड्या पाण्याने धुऊन निघतं, म्हणून तर भात रुजतं. तितकं खारं पाणी जुलैत शेताशेजारी उभं असेल तर रोपं पिवळी पडतात. कुणी हा पेपर वाचून उद्या मानशी कधी उघडायच्या ते ठरवलं तर आमचं काय होईल?
(आता तर मानशीचा लिलाव मासेवाल्यांकडे जातो, ते कोळंबीसाठी खारं पाणी आत घेतात, बांध कुजतात. त्यावर कोणी पेपर लिहील का?)

आकडेमोड · मंगळवार, रात्री ११:२०
३१.२ अधिक ३.४ म्हणजे ३४.६. भागिले दोन, १७.३. जून आणि ऑगस्टची बरोब्बर सरासरी आहे. रिकामी जागा कुणीतरी सरळ रेषा ओढून भरली आहे.

एक सांगतो, अंदाजाने जागा भरणं हा स्वतःहून गुन्हा नाही. संख्याशास्त्रात ते रोज होतं. फक्त ते तसं लिहावं लागतं आणि पद्धत त्या मोजमापाला शोभावी लागते. इथे पाऊस लागताच क्षारता कोसळते, तिथे सरळ रेषा चालतच नाही. आणि 'मोजलं' असं लिहिलंय म्हटल्यावर ते खोटं ठरतं. जुलै रिकामा ठेवला असता तरी अकरा महिन्यांचा पेपर चांगलाच झाला असता.

पर्वरी_नेट · बुधवार, सकाळी ७:३०
दुसऱ्यांच्या लिखाणाशी साम्य किती टक्के आलंय? दहाच्या आत असेल तर यूजीसीच्या २०१८ च्या वाङ्मयचौर्याच्या नियमात शिक्षा नाही.

साखळीची_आसावरी · बुधवार, सकाळी ७:४४
ते नियम दुसऱ्याचं लिखाण उचलण्याबद्दल आहेत. हा आकडा कुणाकडूनच उचललेला नाही, सॉफ्टवेअरला तो दिसणारसुद्धा नाही. म्हणूनच तो जास्त धोक्याचा.

फोंडेकर_८८ · बुधवार, सकाळी ९:०५
ताई, माझं पहिलं उत्तर चुकलं, मला काय झालंय तेच कळलं नव्हतं. आता मोठा भाऊ म्हणून सांगतो. कारण लिहू नका. 'वैयक्तिक कारणास्तव नाव काढावे' एवढं एक मेल करा आणि बाजूला व्हा. तुमचं शिफारसपत्र त्यांच्याच हातात आहे. प्रबंधाला अजून किती वेळ आहे? गोवा केवढं, सगळे एकमेकांना ओळखतात.

लाल_पेन · बुधवार, सकाळी ९:५०
फोंडेकर, तुमची काळजी खरी आहे, पण हा सल्ला मला पटत नाही. तिचं नाव निघालं तरी १७.३ छापला जाईलच. वही तिची, नमुने तिचे. हे ज्या एका माणसाला माहीत होतं तेच यादीतून गेलं, असं होईल.

संपादकाच्या बाजूने काय होतं ते सांगतो. कमिटी ऑन पब्लिकेशन एथिक्स, आम्ही तिला 'कोप' म्हणतो, १९९७ पासून आहे. तिचा सल्ला असा की नाव काढायचं असेल तर संपादकाने कारण विचारावं आणि सगळ्या लेखकांची लेखी संमती घ्यावी, ज्याचं नाव निघणार त्याचीसुद्धा. म्हणजे गुपचूप काही होणारच नाही, सरांना कळणारच. आणि आकड्यांबद्दल शंका आली तर संपादकाने लेखकांकडे मूळ नोंदी मागायच्या, समाधान झालं नाही तर संस्थेला कळवायचं. संपादक स्वतः न्यायाधीश होत नाही.

आता माझी गोष्ट. फार वर्षांपूर्वी एका सहलेखिकेने मला मेल केलं होतं, 'हे आकडे माझे नाहीत' म्हणून. मी ते जसंच्या तसं तिच्या गाइडला पुढे पाठवलं, वर 'कृपया खुलासा करावा' एवढं लिहून. मला वाटलं मी नियमाने वागलो. ती मुलगी सहा महिन्यांत संशोधन सोडून गेली. पेपर मागे घेतला गेला, पण तिचं नुकसान भरून आलं नाही. तिला आधी फोन करून 'तुमचं नाव सांगितलं तर चालेल का' एवढं मी विचारायला हवं होतं. संपादकाची जबाबदारी म्हणतात ती तिथे होती, आणि मी ती पार पाडली नाही. म्हणून आता या मुलीला एकटं सोडू नका असं सगळ्यांना सांगतोय.

मानशीकाठ · बुधवार, दुपारी १:१५
वाचून हात थरथरतायत. फील्डबुक लॅबच्या कपाटात आहे, माझ्याकडे नाही.

लाल_पेन · बुधवार, दुपारी १:२०
आज संध्याकाळीच त्या पानाचा, आधीच्या आणि पुढच्या पानाचा फोटो काढा. वही तिथेच ठेवा, घरी आणू नका. ती संस्थेची आहे, उद्या कोणी 'वही नेली' म्हणायला नको. मग सरांना मेल. बोलणं नको, मेलच. आरोप करू नका: 'टेबल २ मधला जुलैचा आकडा फील्डबुकात नाही, प्रूफ जाण्याआधी दुरुस्त करूया का?' उत्तराला उद्या दुपारपर्यंतचा वेळ द्या.

वास्को_फिजिक्स · बुधवार, दुपारी २:००
हे पटलं. कालचं माझं बोलणं एचओडींच्या नावापुरतं होतं. आकडा भरण्याचं समर्थन कोणीच करणार नाही.

मानशीकाठ · गुरुवार, दुपारी ३:२५
सरांनी केबिनमध्ये बोलावलं. ओरडले नाहीत. म्हणाले, एक्सेलमध्ये तो चौकोन त्यांनी पिवळा करून ठेवला होता, नंतर बघू म्हणून. टेबल वर्डमध्ये नेताना रंग गेला आणि तेही विसरले. फाइल उघडून दाखवली. पिवळा होता. मला खरं वाटलं.

जुलै रिकामा करायला तयार आहेत. सरासरी आणि आलेख परत करावे लागतील. पण म्हणाले, 'एडिटरला टंकनचूक म्हणून कळवू, उगाच वाढवायला नको.' मी 'हो' म्हटलं नाही, 'नाही'ही म्हटलं नाही. बाहेर आले. काय करू?

आकडेमोड · गुरुवार, दुपारी ३:३४
टंकनचूक म्हणजे १७.३ च्या जागी ७.३ पडणं. ही ती नाही.

फोंडेकर_८८ · गुरुवार, दुपारी ३:४१
एवढं मान्य केलंय त्यांनी, ताई. आता ताणू नका असं मला वाटतं.

लाल_पेन · गुरुवार, दुपारी ३:५२
सरांनी फाइल दाखवली हे फार मोठं आहे, त्यांना तसं सांगा. पण प्रूफच्या टप्प्यावर आकडा, सरासरी, आलेख बदलतोय म्हटल्यावर संपादकाची परवानगी लागणारच, आणि तो कारण विचारणारच. खरं कारण दोन ओळींचं आहे आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. खोटं कारण दिलंत तर आत्तापर्यंत जी चूक होती तिची लबाडी होईल, आणि तीत तुम्हीही आलात. सरांना दोन ओळी तयार करून द्या. तयार वाक्य समोर असलं की माणूस खरं बोलायला राजी होतो, हे मी पाहिलंय.

चोडणकार · गुरुवार, दुपारी ४:०५
आणि 'बारा महिने' तिथे 'अकरा' करा हं. ते राहील.

मानशीकाठ · गुरुवार, संध्याकाळी ५:१०
४:४० ला मेल गेलं, सरांच्याच पत्त्यावरून, आम्ही तिघं सीसीत. मी लिहून दिलं होतं ते असं: 'जुलैमध्ये पुरामुळे नमुने घेता आले नाहीत. टेबल २ मधला जुलैचा आकडा शेजारच्या दोन महिन्यांवरून भरलेला होता, तो काढून टाकत आहोत. पद्धतीच्या भागात बाराऐवजी अकरा महिने असे वाचावे.' सरांनी 'पुरामुळे' खोडून 'मुसळधार पावसामुळे' केलं, ते बरोबरच होतं. बाकी तसंच ठेवलं.

एचओडींचं नाव अजून आहे. माझंही आहे, तूर्त राहू दे म्हटलंय. संपादकांचं उत्तर आलेलं नाही. काका, दादा, सगळ्यांना देव बरें करूं. धागा बंद करू नका, उत्तर आलं की इथेच लिहिते.