मदत हवी आहे: उचललेला मजकूर शोधण्यासाठी सर्च एपीआय, अटींच्या आत राहून

प्रश्नचिन्ह

विद्यार्थ्यांचे ६० प्रकल्प-अहवाल तपासायचे आहेत. प्रत्येकी साधारण १५०० शब्द, बहुतेक मराठीत. काही वर्ड फायली, काही पीडीएफ. त्यातली वाक्यं वेबवर जशीच्या तशी सापडतात का, हे पायथन स्क्रिप्टने पाहायचं आहे. गूगलच्या कस्टम सर्च जेसॉन एपीआयची (प्रोग्रामला शोध करू देणाऱ्या सेवेची) की आहे, रोज १०० शोध मोफत. प्रत्येक वाक्य शोधायचं म्हटलं तर पहिल्याच अहवालात कोटा संपतो.

स्क्रिप्टने थेट गूगलचं शोधपान उघडून निकाल वाचले तर चालतं का? चार खाती काढून चार की वापरल्या तर? आणि एका अहवालामागे किती शोध पुरतात?

खोडरबर

पहिल्या दोन्हींचं उत्तर नाही. गूगलच्या रोबॉट्स.टीएक्सटीमध्ये (स्वयंचलित प्रोग्रामांनी कुठे जायचं नाही हे सांगणाऱ्या फायलीत) शोधपान यंत्रांना बंद आहे आणि त्या सूचना डावलून स्वयंचलित वापर करायला सेवा-अटींत मनाई आहे. व्यवहारातही ते टिकत नाही. आधी कॅप्चा येतो, मग ४२९ (विनंत्या फार झाल्याचा त्रुटी-क्रमांक). संस्थेचं सगळं नेटवर्क एकाच आयपीवरून (इंटरनेट-पत्त्यावरून) बाहेर पडत असेल तर शेजारच्या खोलीतलेही बसतात ट्रॅफिक सिग्नलची चित्रं निवडत. जादा की म्हणजे मर्यादेला बगल, आणि एपीआयच्या अटी तेही नाकारतात. गूगल स्कॉलरला अधिकृत एपीआयच नाही, तेव्हा तिकडे वळू नका.

निकाल साठवण्याची अट मात्र कुणी वाचत नाही. एपीआयमधून आलेल्या निकालांचा कायमचा साठा करता येत नाही. उत्तरासोबत येणारं कॅशे-हेडर (किती वेळ ठेवायचं ते सांगणारी नोंद) परवानगी देईल तेवढाच वेळ ते ठेवायचे. म्हणून नोंदीत शोधवाक्य, तारीख, आणि तुम्ही स्वतः उघडून पाहिलेल्या मूळ पानाचा पत्ता व जुळलेला उतारा एवढंच ठेवा. पुरावा म्हणूनही निकालाच्या तुकड्यापेक्षा मूळ पानच कामाचं.

शोधसेवेशी बोलणारा कोड वेगळ्या फंक्शनमध्ये ठेवा. गूगलचं २००२ चं शोधाचं सोप एपीआय २००९ मध्ये बंद झालं, बिंगची सर्च एपीआय ११ ऑगस्ट २०२५ ला. सेवा बदलावी लागणार हे धरूनच चाला.

अर्धविराम

वेबवर जाण्याआधी अहवाल एकमेकांशी ताडून घ्या. ६० अहवालांच्या १७७० जोड्या होतात. साधा लॅपटॉप ते सहज करतो आणि कोट्याला हात लागत नाही. प्रत्येक अहवालाचे सलग पाच-पाच शब्दांचे, एकेक शब्द पुढे सरकणारे तुकडे करा आणि लहान अहवालातले किती तुकडे मोठ्यात आहेत ते मोजा. दोन्हींच्या एकूण तुकड्यांशी गुणोत्तर काढलंत तर लांबी वेगळी असलेल्या जोडीत आकडा उगाच खाली येतो. प्रकल्पाचा दिलेला मजकूर, मुखपृष्ठ, प्रमाणपत्र, संदर्भसूची आधी काढून टाका, नाहीतर सगळेच चोर ठरतील.

मग वेब. पहिल्या फेरीत अहवालामागे ३ वाक्यं, म्हणजे १८० शोध, दोन दिवसांत होतात. ज्यांच्यात एक जरी जुळलं त्यांच्याच आणखी १० वाक्यांची दुसरी फेरी करा.

वाक्य निवडण्यातच खरी कला आहे. एकाच वाक्यातले सलग ८ ते १२ शब्द घ्या. पाच शब्द योगायोगानेही जुळतात. वीस घेतले तर विद्यार्थ्याने मधला एक शब्द बदलला की शोध रिकामा. व्याख्या, कायद्याची कलमं, संस्थांची लांबलचक नावं, अवतरणातला मजकूर वगळा. प्रस्तावना आणि समारोप सहसा स्वतःचे असतात, उचलेगिरी मधल्या भागात सापडते. जिथे भाषा अचानक जड होते, शुद्धलेखन एकदम सुधारतं किंवा चौकटी कंसातला संदर्भ-क्रमांक वाक्याला चिकटून राहिलेला दिसतो, तिथलं वाक्य पहिलं. विकिपीडियावरून घेतल्याचा संशय असेल तर त्यासाठी सर्चचा कोटा घालवू नका. विकिपीडियाचं स्वतःचं एपीआय आहे. ओळख सांगणारा यूजर-एजंट द्या आणि विनंत्या एकामागून एक पाठवा.

शोधात विद्यार्थ्याचं नाव किंवा हजेरी क्रमांक जाता कामा नये. फुकटच्या तपासणी-संकेतस्थळांवर पूर्ण अहवाल चढवणं तर टाळाच. तो मजकूर तिथे राहतो की जातो, हे तुमच्या हातात नसतं.

टाकबोरू

मराठीसाठी वेगळी काळजी घ्यावी लागते. 'ॲ' दोन तऱ्हांनी टंकला जातो: एकच अक्षर म्हणून, किंवा 'अ'ला वर चंद्र जोडून. दिसायला सारखेच, संगणकाला वेगळे, आणि युनिकोडचं एनएफसी सामान्यीकरण (एकाच अक्षराची रूपं सारखी करण्याची पद्धत) त्यांना एक करत नाही. 'दुःख'मधला विसर्ग पुष्कळजण अपूर्णविरामाने लिहितात. 'सुऱ्या'तला अर्धा र कुठे 'ऱ'पासून येतो, कुठे र आणि अदृश्य जोडचिन्हापासून. अहवालांच्या आपसातल्या तुलनेत या जोड्या स्वतः बदली करून एकसारख्या करा. वेबवर शोधताना मात्र असे शब्द असलेलं वाक्यच निवडू नका. समोरच्या पानावर कुठलं रूप आहे ते आधी कळत नाही.

पीडीएफमधून काढलेला मजकूर डोळ्यांनी एकदा पाहा. जुन्या बिगर-युनिकोड फाँटमधली फाइल असेल तर पडद्यावर मराठी आणि कॉपी केल्यावर रोमन अक्षरांचा चिवडा मिळतो. त्यातलं वाक्य शोधलं की निकाल शून्य, आणि अहवाल निर्दोष ठरतो.

लांबीही बघा. देवनागरीचं एक चिन्ह यूआरएलमध्ये नऊ अक्षरं खातं. विनंतीची मर्यादा २०४८ अक्षरांची आहे, म्हणजे तीस शब्दांचं मराठी वाक्य तिच्या काठावर जातं. बारा शब्दांना अडचण नाही.

प्रश्नचिन्ह

धन्यवाद, पहिली फेरी चालू केली. दोन गोष्टी अडल्या. अवतरणचिन्हांत वाक्य देऊनही काही वेळा हजारो निकालांचा आकडा येतो आणि पान उघडलं तर वाक्य नसतंच. आणि ४२९ आल्यावर थांबून पुन्हा पाठवलं तरी तेच.

खोडरबर

निकालांचा एकूण आकडा हा अंदाज असतो, त्यावरून काहीच ठरवू नका. वाक्य एक्झॅक्टटर्म्स या पॅरामीटरमध्ये द्या, पहिल्या दहांतली वरची दोन-तीन पानं त्यांच्या रोबॉट्स.टीएक्सटीची परवानगी पाहून, मध्ये काही सेकंद सोडून उघडा आणि वाक्य तिथे खरंच आहे का ते स्क्रिप्टलाच तपासू द्या. अकराव्या निकालासाठी दुसरी विनंती लागते, ती कोट्यात मोजली जाते आणि इथे तिची गरज नसते.

४२९ चा निरोप वाचा. मिनिटाची मर्यादा ओलांडली असेल तर १, २, ४, ८ सेकंद असं थांबून पुन्हा प्रयत्न करता येतो. दिवसाचा कोटा संपला असेल तर पॅसिफिक वेळेच्या (अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याच्या) मध्यरात्रीपर्यंत काही होणार नाही; स्क्रिप्टने तिथेच थांबून पुढचं वाक्य कुठलं ते फायलीत लिहून ठेवावं.

अर्धविराम

पान सापडलं की वेबॅक मशीनवर (वेबपानांच्या प्रती साठवणाऱ्या संकेतस्थळावर) त्याची प्रत जतन करा, कारण विचारणा झाल्यावर पानं गायब होतात. जुनी प्रत आहे का तेही तिथेच बघा. अहवाल जमा होण्याआधीची प्रत असेल आणि तिच्यात ते वाक्य असेल तर प्रश्न मिटला. नसेल तर लगेच निष्कर्ष काढू नका: तिथली पहिली तारीख पान टिपल्याची असते, प्रकाशित झाल्याची नव्हे, आणि ते पान विद्यार्थ्याचाच ब्लॉग असू शकतो.