मदत हवी आहे : मालमत्ता कराची आकारणी कशी तपासावी?

नमस्कार. आमच्या घराच्या मालमत्ता कराचे यंदाचे देयक बरेच वाढून आले आहे. कराचा दर तोच आहे, वाढले आहे ते करयोग्य मूल्य, म्हणजे ज्या रकमेवर कर आकारतात ती. हे मूल्य काही ठिकाणी घराला मिळू शकणाऱ्या वार्षिक भाड्यावरून, तर काही ठिकाणी बाजारभावावर आधारलेल्या भांडवली मूल्यावरून ठरवतात, एवढे मला ठाऊक आहे. माझी अडचण त्यापुढची आहे. आकारणीच्या उताऱ्यात चटई क्षेत्राऐवजी (भिंतींच्या आतली वापरायची जागा) बांधीव क्षेत्र (भिंतींसह जागा) धरलेले दिसते आणि घरात आम्ही स्वतः राहत असूनही वापराच्या रकान्यात ‘भाडेकरू’ अशी नोंद आहे. केवळ ‘कर फार झाला’ असे म्हणण्यापेक्षा चुकीच्या नोंदीवर बोट ठेवणे अधिक योग्य, असे मला मनापासून वाटते.

ज्यांनी अशी हरकत घेतली आहे त्यांनी कृपया सांगावे, की क्षेत्रफळासाठी खरेदीखत आणि मंजूर नकाशा पुरेसा ठरतो की प्रत्यक्ष मोजणीचाही आग्रह धरावा, आणि स्वतःच्या वापराचा पुरावा म्हणून काय ग्राह्य धरले जाते? शिवाय, निकाल लागेपर्यंत थकबाकीवर दंड चढू नये म्हणून हरकतीचा हक्क राखून पूर्ण रक्कम भरावी, की वाद नसलेला भागच भरावा?