व्हॉट्सॲपच्या यादीला ‘ब्रॉडकास्ट’ म्हणणं चूक नाही का?

काळी_माती:
‘ब्रॉडकास्ट’ हा मुळात शेतीतला शब्द. अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये मुठीने बी रानभर फेकण्याच्या पद्धतीला तो लावत. आपली फोकून पेरणी. १९२० च्या सुमारास रेडिओवाल्यांनी तो उचलला, १९२२ मध्ये लंडनला ब्रिटिश ब्रॉडकास्टिंग कंपनी निघाली. तिथवर शब्द चपखल बसतो. पण व्हॉट्सॲपच्या ‘ब्रॉडकास्ट लिस्ट’मध्ये एका यादीत जास्तीत जास्त २५६ जण तुम्हीच निवडायचे, आणि त्यातही ज्याने तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यालाच निरोप मिळणार. ही टोकण झाली, म्हणजे एकेक बी ठरल्या जागी खोचणं. तिला फोकणी म्हणणं मला साफ चुकीचं वाटतं.

शब्दवेल्हाळ:
असहमत. बातमी, अफवा, विचार सगळीकडे पसरणं या अर्थानेही हा शब्द रेडिओच्या कितीतरी आधीपासून चालत होता. म्हणजे बियाणं त्यातून तेव्हाच गळून पडलं होतं. मुळाशीच जायचं तर ‘कास्ट’ म्हणजे फेकणं, नॉर्स भाषेतून आलेलं. मग टीव्हीवाले काय फेकतात? २००४ मध्ये आलेल्या ‘पॉडकास्ट’मध्ये तर ऐकणारा स्वतः निवडून ऐकतो. तोही शब्द बाद करायचा का?

केबल_जोडणारा:
मी नेटवर्कच्या कामात आहे. आमच्याकडे हा भेद रोज पाळावा लागतो. एकालाच पाठवलं तर युनिकास्ट, ठरावीक गटाला मल्टिकास्ट, आणि त्या नेटवर्कवरच्या झाडून सगळ्या यंत्रांना तो ब्रॉडकास्ट. आयपीव्ही४ मध्ये, म्हणजे यंत्रांना आकड्यांचे पत्ते देण्याच्या पद्धतीत, २५५.२५५.२५५.२५५ हा पत्ता खास त्यासाठी ठेवलाय. व्हॉट्सॲपचं जे आहे ते मल्टिकास्टच्या जवळ जातं. योग्य शब्द हाताशी होता, तो घ्यायला हवा होता.

राबाची_राख:
काळी_माती, तुम्ही फोकणीलाच कमी लेखताय. आमच्याकडे कोकणात रहू पद्धतीत मोड आलेलं भात चिखलात फोकतात. हात सैल सुटला तर एकीकडे गचपण आणि दुसरीकडे रान मोकळं. मेथीच्या वाफ्यात निम्मं बी उभं फोकायचं, निम्मं आडवं, म्हणजे सारखं पडतं. बारीक बी असेल तर कोरडी वाळू मिसळायची, नाहीतर मुठीतून एकदम सांडतं. आणि हे सगळं बांधाच्या आत! फोकणाराही आपलं रान निवडूनच फोकतो. मग २५६ जणांची यादी हा बांध समजायला काय हरकत आहे?

काळी_माती:
हातातलं कसब मान्यच. पण बांध तुमचा असला तरी कुठला दाणा कुठे पडणार हे तुम्ही ठरवत नाही, मुद्दा तो आहे. बिनतारी यंत्रं आधी जहाज आणि किनारा यांच्यातल्या निरोपांसाठी होती. भलत्यानेच ऐकणं हा त्यातला दोष समजत. रेडिओने त्याच दोषाचा उपयोग करून घेतला. ऐकणारा कोण, हे पाठवणाऱ्याला माहीत नसणं हाच ब्रॉडकास्टचा गाभा.

आणि हा नुसता शब्दांचा काथ्याकूट नाही. आमच्या भागात कॅनॉलच्या आवर्तनाची, म्हणजे पाणी सोडण्याच्या पाळीची सूचना अशाच यादीवरून गेली. पाठवणारे म्हणाले, ‘ब्रॉडकास्ट केलंय, सगळ्यांना गेलं.’ ज्यांनी तो नंबर सेव्ह केला नव्हता त्यांना काहीच कळलं नाही. शेजारच्या म्हाताऱ्याचा ऊस पाळी चुकून वाळत राहिला.

शब्दवेल्हाळ:
त्या आजोबांचं वाईट वाटलं. पण यात दोष पाठवणाऱ्याचा आहे. उद्या त्याला ‘मल्टिकास्ट लिस्ट’ नाव दिलं तरी नंबर सेव्ह नसलेल्याला निरोप जाणार नाहीच. पाण्याची पाळी चावडीच्या फळ्यावर लावायची आणि दवंडीही द्यायची, एवढं त्यांनी करायला हवं होतं.

काळी_माती:
फळा आणि दवंडी हवीच. पण ‘सगळ्यांना गेलं’ ही खात्री त्यांना त्या नावानेच दिली, आणि म्हणूनच फळ्याकडे कोणी फिरकलं नाही.