जुन्या ट्रॅक्टरचं स्टेअरिंग ढिलं आहे, स्टेअरिंगचा गिअरबॉक्स उघडावा का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आम्ही गोव्यातल्या पेडणे तालुक्यातले. भाताची शेती, थोडी मोरडीवर, म्हणजे उंचावरच्या जमिनीत, आणि बरीचशी नदीकाठच्या खाजनात, म्हणजे खारं पाणी येणाऱ्या सखल जमिनीत. यंदा घाटावरून एक वापरलेला ट्रॅक्टर घेतला. ३५ एचपी, साधं मेकॅनिकल स्टेअरिंग, पॉवर नाही. इंजिन, क्लच, हायड्रॉलिक सगळं ठणठणीत आहे, पण स्टेअरिंगनं घरच्यांची झोप उडवली आहे.

इंजिन बंद, पुढची चाकं सरळ ठेवून स्टेअरिंग डावी-उजवीकडे हलवलं तर जवळजवळ वीतभर नुसतंच फिरतं, चाकं जागची हलत नाहीत. शिवाय दोन्ही हातांनी धरून वर ओढलं तर किंचित वर येतं आणि दाबलं की टक्क करून खाली बसतं. चिखलणीच्या वेळी वेगच नसतो, तिथे कसंबसं निभेल. पण मागे ट्रॉली आणि वरचा गिअर असला की ट्रॅक्टर एका रेषेत राहत नाही, सारखा सावरावा लागतो. आमचे रस्ते अरुंद, दोन्हीकडे चिऱ्यांचे गडगे, आणि वळणावर कोण पर्यटक भाड्याची स्कूटर घेऊन समोर येईल सांगता येत नाही. ट्रॅक्टर धाकटा भाऊ चालवतो. तो परत येईपर्यंत आईचा जीव थाऱ्यावर नसतो, आणि खरं सांगायचं तर माझाही.

गावातला मेस्त्री म्हणाला, स्टेअरिंगचं चाक त्याच्या दांड्याला वेल्डिंग मारून टाकतो, एका तासाचं काम. मी सरळ नाही म्हटलं. मग म्हणाला, बॉक्सवरचा स्क्रू आवळतो. त्याबद्दल मला काही कळत नाही, म्हणून इथे विचारते आहे. ढिलेपणा नेमका कुठे आहे हे घरच्या घरी कसं ओळखायचं? बॉक्स उघडावाच लागेल का? मृग लागायच्या आत काम उरकायला हवं, एकदा पाऊस धरला की ट्रॅक्टर उभा ठेवून चालणार नाही.

प्रतिसाद:
सरळ नवीन बॉक्स घाला. जुन्या गाडीत एकेक पार्ट शोधत बसलात तर सगळा हंगाम गॅरेजात जाईल.

प्रतिसाद:
वरच्या मताशी मी सहमत नाही. ताई, बॉक्सला इतक्यात हात लावू नका. नवीन बॉक्स घातलात आणि झीज जॉइंटमध्ये निघाली तर पैसे जातील आणि प्ले, म्हणजे ढिलेपणा, तसाच राहील. वेल्डिंगला नाही म्हटलंत ते फार बरं केलंत. तापलेल्या दांड्याचा भरवसा राहत नाही, आणि पुढे चाक काढायची वेळ आली तर दांडाच कापावा लागतो.

तुमच्याकडे दोन वेगळे ढिलेपणे असू शकतात. आधी वरचा बघा. स्टेअरिंगच्या चाकाच्या मधोमध प्लास्टिकची टोपी असते, ती काढली की नट दिसतो. नटाच्या कडेने चाकावर आणि दांड्याच्या टोकावर खडूची एकच सरळ रेघ ओढा आणि चाक हलवा. रेघ तुटली तर चाक दांड्यावर फिरतंय. नुसता नट सैल असेल तर आवळून भागतं. चाक दांड्यावर बसतं ते दाते खाल्ले असतील तर चाक बदलावं लागेल, दांड्याचेही गेले असतील तर दांडासुद्धा. चाक काढताना नट पूर्ण काढू नका, दोन-चार आटे राहू द्या आणि पुलर लावा. दांड्यावर हातोडा मारला की मार थेट खालच्या बेअरिंगवर बसतो.

चाक आणि दांडा दोन्ही मिळून वरखाली होत असतील, तर मात्र कॉलमचं (दांड्याभोवतीच्या नळीचं) किंवा बॉक्सचं बेअरिंग बघावं लागेल.

आता फिरण्यातला प्ले. मागच्या चाकांना दगड लावा, हँडब्रेक ओढा, इंजिन बंदच ठेवा. भावाला स्टेअरिंग थोडं थोडं हलवायला सांगा आणि तुम्ही बॉक्समधून बाहेर येणाऱ्या ड्रॉप आर्मकडे बघा. स्टेअरिंग वीतभर फिरूनही आर्म ढिम्म असेल तर दोष बॉक्सकडे, किंवा आर्म आपल्या शाफ्टवर सैल आहे. आर्म लगेच हलतो पण पुढचं चाक हलत नाही, तर दोष पुढे. मग ड्रॅग लिंक (आर्मपासून पुढच्या चाकाकडे जाणारा दांडा) आणि टाय रॉड (दोन्ही पुढच्या चाकांना जोडणारा दांडा) यांच्या प्रत्येक जॉइंटवर हात ठेवा. झिजलेला जॉइंट हाताला ठक्‌ठक्‌ जाणवतो, डोळ्यांना दिसण्याआधी. शेवटी पुढचा एक्सल जॅकवर घ्या, खाली लाकडी ओंडके देऊनच, नुसत्या जॅकवर कधीच नाही. चाक वर-खाली धरून डोलवा. नुसता हब हलला तर चाकाचं बेअरिंग, हबसकट स्टब (हब ज्यावर बसतो तो आस) हलला तर किंगपिनचे, म्हणजे तो स्टब ज्या खिळीवर वळतो तिचे, बुश.

स्क्रूचं म्हणाल तर तो शेवटचा उपाय. बॉक्स मधल्या भागात जास्त झिजतो, कारण ट्रॅक्टर बहुतेक वेळ सरळच चालतो. मधला प्ले पुरता घालवायला स्क्रू आवळला तर पूर्ण वळवताना गिअर दाटतात. वळणावर स्टेअरिंग अडकणं हे प्ले असण्यापेक्षा कितीतरी वाईट. मेकॅनिकल स्टेअरिंगला थोडा प्ले असायलाच हवा.

धागाकर्ती:
तुम्ही सांगितलंत तसं सगळं तपासलं, मनापासून आभार. वरचा नट सैल होता. आवळल्यावर टक्क आवाज गेला, दातेही चांगले आहेत. ड्रॉप आर्म लगेच हलतो, म्हणजे बॉक्स वाचला. ड्रॅग लिंकच्या मागच्या जॉइंटचं रबर फाटलंय, दाबलं तर आतून ग्रीसऐवजी गंजाचं तांबडं पाणी आलं. डाव्या चाकाला स्टबसकट डोल आहे. आता जॉइंट एकच बदलू की दोन्ही? आणि किंगपिनचं काम इथे कोण करेल?

प्रतिसाद:
ड्रॅग लिंकचे दोन्ही एंड, म्हणजे टोकांचे जॉइंट, बदला. जुने काढण्याआधी लिंकची लांबी मोजून ठेवा आणि नवे तेवढ्यावरच बसवा. नटात स्प्लिट पिन नवीनच घाला, जुनी वाकवून परत वापरू देऊ नका. टाय रॉडला हात लागला तर पुढच्या चाकांची अलाइनमेंटही मोजून घ्या. टायरांमधलं अंतर पुढच्या बाजूला मागच्यापेक्षा काही मिलिमीटर कमी हवं, नेमका आकडा तुमच्या मॉडेलच्या पुस्तकात मिळेल.

किंगपिनसाठी डिचोली-साखळीकडे चौकशी करा. २०१२ आणि २०१८ मध्ये खाणी बंद पडण्याआधी तिकडच्या रस्त्यांवर खनिजाचे टिपर किती धावायचे ते तुम्हाला माहीतच आहे, आणि त्यांची अशी कामं केलेले जुने लेथवाले अजून सापडतात. बुश प्रेसनं बसवून मग रीमर मारणाराच (आतलं भोक नेमक्या मापाचं करणाराच) बघा, हातोड्यानं ठोकणारा नको. डावा खोलाल तेव्हा उजवाही उघडून बघा.

खाजनातून ट्रॅक्टर बाहेर आला की त्याच दिवशी गोड्या पाण्यानं धुवा आणि पुढच्या सगळ्या निपलांना (ग्रीस भरायच्या तोंडांना) ग्रीस गन लावा. जुना चिखल बाहेर पडून स्वच्छ ग्रीस दिसेपर्यंत मारत राहायचं. खारं पाणी रात्रभर आत राहू देऊ नका.

धागाकर्ती:
एंड म्हापशाहून उद्या आणतो. साखळीला लेथवर रीमरचं काम करणारं कुणी माहितीत असेल तर कृपया व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.